मोडलेलं हाड आणि पॅराथायरॉइड हार्मोन

मानेत, थायरॉइडच्या मागच्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम घटलं की त्या हार्मोन सोडतात आणि हाडांत साठवलेलं कॅल्शियम रक्तात उतरतं. या ग्रंथी बेलगाम झाल्या तर हाडं पोखरली जातात. असं असताना मोडलेलं हाड जुळावं म्हणून नेमकं हेच हार्मोन टोचायचं? ऐकायला उफराटंच वाटतं.

सगळी गोम वेळेत आहे. हार्मोनची पातळी रात्रंदिवस चढलेली राहिली, तर हाड झिजवणाऱ्या पेशींचं फावतं. पण दिवसातून एकदाच थोडा वेळ वाढून ती उतरली, तर हाड बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात. या हार्मोनच्या लहान डोसांनी हाड वाढतं, हे उंदरांमध्ये 1932 साली हान्स सेली यांनी दाखवलं होतं. तेच सेली पुढे मानसिक-शारीरिक ताणावरच्या संशोधनाने गाजले, आणि हाडाचं हे काम मात्र कित्येक दशकं अडगळीत पडलं.

मूळ हार्मोन 84 अमिनो आम्लांची साखळी आहे. तिची पहिली 34 घेऊन टेरिपॅराटाइड हे औषध झालं. अमेरिकेत 2002 मध्ये त्याला मान्यता मिळाली, तीही हाडं ठिसूळ होण्याच्या विकारासाठी, फ्रॅक्चर जुळवण्यासाठी नव्हे. रोज 20 मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन कातडीखाली घ्यायचं. काही तासांत औषध रक्तातून जातं, आणि ते जावं हीच अपेक्षा असते.

आता फ्रॅक्चरकडे येऊ. हाड मोडलं की आधी रक्ताची गाठ होते, मग कूर्चेचा मऊ कॅलस, म्हणजे मोडलेली टोकं जोडणारा गोळा, मग तो कठीण होतो आणि पुढे कित्येक महिने त्याला घडण मिळत राहते. प्राण्यांमध्ये या हार्मोनने कॅलस मोठा आणि मजबूत झालेला दिसला. माणसांत काय झालं?

मनगटाच्या फ्रॅक्चरच्या 102 स्त्रियांवरचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. औषध नसलेलं, नुसतं नावाचं इंजेक्शन घेतलेल्यांचं हाड एक्स-रेवर जुळायला 9.1 आठवडे लागले, 20 मायक्रोग्रॅम घेतलेल्यांना 7.4, आणि दुप्पट डोसवाल्यांना 8.8. गंमत अशी की अभ्यासाचा मुख्य प्रश्न दुप्पट डोसचाच होता, आणि तिथेच तो फसला. ‘जास्त दिलं की जास्त फायदा’ या समजुतीला यापेक्षा चांगलं उत्तर मला माहीत नाही. मात्र 20 च्या गटातला फायदा अजून पक्का पुरावा म्हणता येत नाही.

2011 च्या एका अभ्यासात कमरेच्या पेल्विसची फ्रॅक्चर असलेल्या वयस्क स्त्रियांना पूर्ण लांबीचं हार्मोन दिलं. हाड 12.6 ऐवजी 7.8 आठवड्यांत जुळलं. आकडे भुरळ घालणारे आहेत, पण औषध दर तिसऱ्या रुग्णाला दिलं होतं. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. उलट मांडीच्या हाडाच्या मानेच्या फ्रॅक्चरमध्ये, जे खुब्याच्या सांध्याच्या आत असतं, टेरिपॅराटाइडने फरक पडला नाही. तिथे बाहेरून कॅलस धरतच नाही म्हटलं तरी चालेल.

उंदरांना दीर्घकाळ, मोठ्या डोसात दिल्यावर हाडाचा कर्करोग झाला होता, म्हणून औषधावर ठळक इशारा होता. माणसांत तसं आढळलं नाही. अमेरिकेत 2020 मध्ये तो काढला. तरी हाडांवर रेडिएशन झालेल्यांना आणि वाढत्या वयाच्या मुलांना हे औषध टाळतात.

“माझं हाड जुळत नाहीये, इंजेक्शन घेऊ का?” असं विचारणाऱ्याला मी आधी तीन गोष्टी विचारतो. रॉड किंवा प्लेट ढिली झाली आहे का? जंतुसंसर्ग आहे का? सिगारेट चालू आहे का? मोडलेली टोकं हलत असतील तर कुठलंही हार्मोन त्यांना धरून ठेवणार नाही. पण ठिसूळ हाडांमुळे पेल्विस मोडलेल्या आजींना हे औषध मी जरूर सुचवेन, कारण त्यांना ते एरवीही लागणारच असतं. फ्रॅक्चर लवकर जुळलं तर वरकमाई. फक्त कोर्स संपल्यावर हाड टिकवणारं दुसरं औषध लगेच सुरू करावं लागतं, नाहीतर कमावलेलं हाड पुन्हा ओसरू लागतं.