खपलीचं माहेर

श्रोतेहो, नमस्कार.

सांगली-कोल्हापूरकडे खिरीला खपली गहूच लागतो. त्याची ओंबी तळहातावर चोळून बघा. साधा गहू लगेच मोकळा होतो, खपली नाही. दाण्याला फोलपट असं घट्ट धरून बसतं की मळणीनंतरही तो उखळात कांडावा लागतो. ज्यांनी कांडला असेल त्यांचे खांदे अजून आठवण काढत असतील!

या खपलीचं माहेर मात्र भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याकडे आहे. १९०६ साली आरोन आरोनसोन या कृषिशास्त्रज्ञाला आजच्या इस्रायलमधल्या गॅलिली भागात, रोश पिना गावी, द्राक्षमळ्यातल्या खडकाच्या फटीत, तिचा रानटी पूर्वज उगवलेला सापडला. या रानगव्हाची ओंबी पिकली की आपोआप तुटते आणि दाणे मातीत पडतात. कापायला जावं तर हातात नुसती काडी. दाणा धरून ठेवणारी रोपं माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवडली, म्हणून आपल्याला गहू मिळाला. पण निवड म्हटली की काहीतरी मागे राहतंच. रोगाला दाद न देण्याचे, कमी पाण्यावर तगण्याचे कितीतरी गुण त्या रानातच राहिले.

हरभऱ्याचं तर आणखी नाजूक आहे. त्याचा थेट रानटी पूर्वज आग्नेय तुर्कस्तानाच्या छोट्याशा टापूतच वाढतो. तेवढी टेकडी नांगरली, चराईला गेली किंवा तिथे इमारती उभ्या राहिल्या, की संपलं.

म्हणून बियाणं साठवायचं. सीरियात अलेप्पोजवळच्या तेल हद्या इथे 'इकार्डा' या आंतरराष्ट्रीय संस्थेची बियाणे-पेढी होती. गहू, जव, मसूर, हरभरा आणि त्यांचे रानटी सोयरे मिळून सुमारे दीड लाख नमुने. मग यादवी युद्ध पेटलं आणि शास्त्रज्ञांना ती जागा सोडावी लागली. सुदैवानं बहुतेक नमुन्यांची दुसरी प्रत नॉर्वेत उत्तर ध्रुवाजवळ, स्वालबार्ड बेटांवरच्या डोंगरातल्या बियाणे-कोठारात २००८ पासून ठेवलेली होती. २०१५ मध्ये तिथून सुमारे ३८ हजार नमुने परत मागवले गेले. त्या कोठारातून बियाणं बाहेर काढायची ती पहिलीच वेळ. लेबनॉनच्या बेका खोऱ्यात आणि मोरोक्कोत ते पेरलं, वाढवलं आणि २०१७ पासून नवं बियाणं पुन्हा स्वालबार्डला पोचू लागलं.

बातमीत हे दोन ओळींत येतं. शेतातलं काम मात्र मोठं किचकट. उणे १८-२० अंशांवर ठेवलेलं बी झोपलेलं असतं, अमर नसतं. उगवण घटू लागली की ते पेरून ताजं करावंच लागतं. गहू, हरभरा स्वतःच्याच परागावर फळतो, त्यामुळे शेजारी दुसरा वाण असला तरी फारसं बिघडत नाही. पण फाबा बीन या शेंगांच्या पिकाच्या फुलांवर मधमाश्या हिंडतात, एका वाणाचा पराग दुसऱ्याला लावतात, आणि जपलेल्या वाणाची भेसळ होते. म्हणून एकेका वाणावर जाळी ताणून मधमाश्यांना बाहेर ठेवावं लागतं. एरवी शेतकरी मधमाश्या याव्यात म्हणून धडपडतो!

आणि कोठारातलं बी बदलत नाही, हीच त्याची मर्यादा. तांबेरा हा गव्हावरचा बुरशीचा रोग सतत रूप पालटतो. टेकडीवरचा रानगहू त्याच्याशी रोज झुंजतो, म्हणून तोही पालटतो. मला विचाराल तर कोठार ही ठेव आहे, पण धंदा टेकडीवरच चालतो.

आता खपलीचीच एक गोष्ट. गेल्या शतकात अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी खोडावरच्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी १२ गव्हांचा संच ठरवला होता. प्रत्येक गव्हावर रोग टोचायचा आणि कुठला बळी पडतो, कुठला टिकतो ते पाहायचं. त्या बारांत एकाचं नाव होतं चक्क 'खपली'. तांबेऱ्याला सहसा दाद न देणारा म्हणून तो तिथे बसला होता, आणि त्याच्यातले रोगप्रतिकाराचे गुण पुढे बन्सीसारख्या कठीण गव्हांत संकरानं उतरवले गेले. माहेर भूमध्याकाठी, नाव मराठी आणि नोकरी अमेरिकेत!

नमस्कार.