अचानक बिथरलेला माणूस: त्याला पालथा दाबू नका

(ठाण्यातल्या एका गृहसंकुलात रहिवासी आणि सुरक्षारक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. वॉचमनमंडळींना आज मी मुद्दाम पुढच्या रांगेत बसवून घेतलंय. रात्री अडीच वाजता वरच्या मजल्यावरून आरडाओरडा ऐकू आला, की डॉक्टरांच्या आणि पोलिसांच्याही आधी तिथं तुम्हीच पोचता.

कालपर्यंत धडधाकट असलेला माणूस आज अंगावरचे कपडे फाडतोय, घामानं निथळतोय, तिघांना आवरत नाहीये, सख्ख्या बायकोला ओळखत नाहीये. बघ्यांचा निकाल तयारच असतो: पिऊन आलाय, वेड लागलंय, बाहेरचं काहीतरी आहे. वैद्यकात याला अक्यूट बिहेवियरल डिस्टर्बन्स, म्हणजे वागण्यात अचानक आलेला तीव्र बिघाड, म्हणतात. तापासारखंच हे लक्षण आहे. खरं दुखणं आत कुठेतरी असतं आणि ते शोधावं लागतं.

सगळ्यात आधी साखर. इन्सुलिन घेतलं आणि जेवण राहिलं, की साखर उतरते. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, हात उगारतो, शर्ट चिंब भिजतो. घरात ग्लुकोमीटर असेल आणि त्याला हात लावता येत असेल, तर बोटाला टोचून बघा. आकडा ७० च्या खाली असेल आणि त्याला नीट गिळता येत असेल, तर साखरेचं पाणी द्या. गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका.

दुसरं कारण दारूचं, पण उलट्या बाजूनं. रोज पिणाऱ्या माणसाची दारू अचानक तुटली, की दुसऱ्या ते चौथ्या दिवशी तो बिथरू शकतो. पाय मोडला म्हणून ॲडमिट केलेला माणूस तिसऱ्या रात्री चादरीवरून नसलेलं काहीतरी वेचायला लागतो, भिंतीवर मुंग्या चालल्यात म्हणतो, सलाईन उपटून उठतो. हात थरथरत असतात, नाडी पळत असते. घरचे म्हणतात, ‘तीन दिवस थेंबसुद्धा घेतला नाही हो!’ बरोबर आहे, म्हणूनच हे झालं. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो.

म्हाताऱ्या माणसांत लघवीचं इन्फेक्शन किंवा रक्तातलं सोडियम उतरणं एवढंही पुरतं. बाकी डोक्याला मार, मेंदूज्वर, फिट येऊन गेल्यानंतरचा गोंधळ, नशेचे पदार्थ. आणि आपल्याकडचा एप्रिल-मे. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर उष्माघातानं माणसं गेली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. उष्माघातात माणूस बरळतो, भांडतो. त्याला सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतायला हवं, तिथं समजूत घालण्यात वेळ घालवू नका.

मानसिक आजारातही असं होतं, नाही असं नाही. पण कधीच मानसिक त्रास नसलेला माणूस काही तासांत बिथरला, घडीत शुद्धीवर घडीत गोंधळलेला असा झाला, आपण कुठे आहोत हेच त्याला सांगता येईना, तर आधी शरीरात बिघाड आहे असंच धरून चाला.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज इथं आलोय ती सांगतो. अशा माणसाला चारजण मिळून पालथा पाडतात. एक पाठीवर बसतो, दुसरा मान दाबतो. हेतू वाईट नसतो, पण यात जीव जातो. इतकी झटापट करणाऱ्याच्या रक्तात आम्ल साठतं. ते कमी करायला शरीर जोरजोरात श्वास घेऊन कार्बन डायऑक्साईड बाहेर टाकत असतं. छाती दाबली की ती वाट बंद होते, आम्ल वाढतं आणि हृदय थांबतं. मिनियापोलिसमध्ये २५ मे २०२० ला जॉर्ज फ्लॉइड नावाच्या माणसाला पोलिसांनी नऊ मिनिटांहून जास्त वेळ पालथं दाबून धरलं होतं. याला कुशीवर वळवायचं का, असं तिथल्याच एका पोलिसानं विचारलंही होतं. वळवलं नाही, आणि तो गेला.

म्हणून तो स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला नसेल, तर धरूच नका. धरावंच लागलं, तर फक्त हातपाय धरा आणि लगेच कुशीवर घ्या. पाठ, छाती, मान, तोंड मोकळं ठेवा. एकानं फक्त श्वासावर नजर ठेवायची, दुसरं काही करायचं नाही. आणि तडफडणारा माणूस एकदम गप्प झाला, तर ‘झाला बाबा शांत’ म्हणून सुस्कारा सोडू नका. तोच सगळ्यात धोक्याचा क्षण आहे. श्वास चालू आहे का बघा. नसेल, तर उताणा करून छातीवर दाब द्यायला लागा.

धरण्याची वेळच येऊ नये म्हणून थोडं करता येतं. बोलायचं एकानंच, शक्यतो ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे त्यानं, आवाज न चढवता, छोट्या वाक्यांत. दोन हात अंतर ठेवा, दार अडवून उभे राहू नका. सुरी-कात्री गुपचूप बाजूला करा. दिवा लावा, टीव्ही बंद करा. आणि मोबाईलवर शूटिंग करणाऱ्यांना खाली पाठवा. मला त्या शूटिंगची मनापासून चीड आहे. त्या वेळी त्या माणसाला स्वतःची लाज झाकण्याचंही भान नसतं. ताकातून झोपेची गोळी देणं, खोलीत कोंडणं, खाटेला बांधणं, यातलं काहीही करू नका.

पोलीस बोलवायला घाबरू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा माणसाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत त्याला जवळच्या सरकारी आरोग्यसंस्थेत न्यावंच लागतं. आणीबाणीत कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो. आपल्या ठाण्यात १९०१ पासूनचं मनोरुग्णालय आहे, म्हणून लोक थेट तिकडे धावतात. पण अंग तापलेलं, घाम, गोंधळ असं असेल, तर आधी जनरल हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठा. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मनाच्या त्रासासाठी चांगला आहे, या वेळेसाठी मात्र १०८.

फोनवर ‘वेडा झालाय’ म्हणू नका. ‘भान हरपलेलं आहे, अंग गरम आहे, कधीपासून, शुगर आहे, दारू कधी सोडली’ असं सांगा. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडीला वेळ लागतो, तेव्हा वाट न बघता लगेच फोन करा. एकानं गेटवर थांबावं, एकानं लिफ्ट धरून ठेवावी, आणि घरच्यांनी गोळ्यांची सगळी पाकिटं, अगदी रिकामी सुद्धा, पिशवीत घालून बरोबर न्यावीत.