समुद्राकाठचं घर आणि दारातली चार बोटं

नमस्कार श्रोतेहो. सातारा-कराडकडची बरीच मंडळी हल्ली कुंभार्ली घाट उतरून गुहागर-दापोलीला जागा बघायला जातात. जागा ठरायच्या आधीच घराचा फोटो मोबाइलमध्ये तयार असतो. सपाट छप्पर, समुद्राकडे भिंतभर काच, आणि दिवाणखान्यातली फरशी तशीच सरळ बाहेरच्या ओट्यावर गेलेली. मध्ये ना पायरी, ना उंबरठा. दिसतं देखणंच. पण मी आज बोलणार आहे दारातल्या चार बोटं जागेबद्दल, कारण पाणी आत येतं ते तिथूनच.

कल्पना तशी जुनी आहे. मीस व्हान डर रोह या जर्मन वास्तुकारानं १९२९ साली बार्सिलोनाच्या प्रदर्शनात जर्मनीचा मंडप उभारला, त्यात ट्रॅव्हर्टाइन दगडाची फरशी आतून बाहेर अशी अखंड नेली होती. पुढं अमेरिकेत, शिकागोपासून काही अंतरावर फॉक्स नदीकाठी, त्यानं १९५१ मध्ये फार्न्सवर्थ हाउस पूर्ण केलं. त्या घराचा उघडा ओटा गवंड्यांनी मुद्दाम बघावा असा आहे. पाणसळ लावली तर बुडबुडा मधोमध, ढाळ म्हणून कुठं दिसत नाही. मग पावसाचं पाणी जातं कुठं? फरशीचे सांधे मोकळे सोडलेत. पाणी त्यांतून खालच्या खडीत उतरतं, खडी भरलीय खाली निमुळत्या होत गेलेल्या धातूच्या तसराळ्यांत, आणि तसराळ्याच्या तळाला निचऱ्याची वाट. सगळा उतार फरशीच्या पोटात! फोटोत हे येत नाही, म्हणून आपल्याकडं त्याची नक्कलही होत नाही.

एवढं करून, घर जमिनीपासून सुमारे १.६ मीटर उचलूनसुद्धा १९५४ आणि १९९६ साली पुराचं पाणी आत शिरलंच. नदीकाठची ही गोष्ट २०१९ पाहिलेल्या सांगलीकरांना मी वेगळी काय सांगू.

कोकणात पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात, आणि तोही समुद्रावरून आडवा येणारा. काचेवर आपटलेलं पाणी ओघळून खाली येतं आणि आतबाहेर पातळी एकच असेल तर थेट सोफ्याखाली जातं. म्हणून सरकत्या दाराच्या रुळाला लागून, बाहेरून, दाराच्या पूर्ण लांबीची नाली हवी आणि तिच्यावर उचलता येणारी जाळी. उचलता येणारी अशासाठी, की पायांबरोबर आलेली वाळू तिथंच साठते. खाऱ्या वाऱ्यात साधं लोखंड टिकत नाही, ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसवरही तांबूस डाग पडतात. तिथं ३१६ घ्या. ओट्याला घरापासून दूर, मीटरमागं सेंटीमीटरभर ढाळ द्या. वर छप्पर चांगलं पुढं काढा.

फरशी एकच दिसायला हवी ना? मग कोटा आत पॉलिश करा, बाहेर खरबरीत ठेवा आणि सांधे एका रेषेत जुळवा, डोळा फसतो. दाराखालच्या सांध्यात मात्र सिमेंट भरू नका, बाहेरची फरशी उन्हानं फुगते. तिथं लवचीक सीलंट. काळा कडप्पा उघड्यावर घालणाऱ्यानं एप्रिलात त्यावर अनवाणी चालून दाखवावं.

आपल्या वाड्यांत सोपा अंगणापेक्षा हातभर उंच असायचा, अंगणात तळं झालं तरी सोपा कोरडा. त्यामुळं इकडं घाटावर बांधत असाल तर मी एक पायरी ठेवा म्हणेन. लक्ष्मीची पावलं कुठल्या उंबऱ्यावर काढायची, हा सासूबाईंचा प्रश्नही सुटेल. घरात गुडघे दुखणारं कुणी असेल, तर मात्र बिनपायरीच्या दाराला माझी हरकत नाही.

आणि काम कुठंही असो, गवंड्याचा शेवटचा हप्ता देण्याआधी दार लावून बाहेरून काचेवर पाइपनं पाणी मारा, चांगलं दहा मिनिटं. आत कोरडं फडकं अंथरून ठेवा. ते भिजलं तर नाली त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या. हिशेब मिटल्यावर गवंडी फोन उचलत नाही. नमस्कार.