ऊन असताना एका वेळी एकच

[दृश्य: भिंतीवरचा वीजमीटर. लाल दिवा ठरावीक वेळाने लुकलुकतो आहे.]

छतावर सोलर असलेल्या घरात जड यंत्रं कधी लावायची, याचा हिशेब या मीटरपासून सुरू होतो. त्यावरच्या या लाल दिव्याखाली बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो. बऱ्याच मीटरवर तो ३२०० असतो. दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट वीज मोजली गेली, असा त्याचा अर्थ. या दिव्यावरून घरात आत्ता नेमके किती वॅट चालू आहेत ते काढता येतं. सोलर बंद असताना, म्हणजे रात्री, घड्याळ घेऊन मीटरसमोर उभं राहायचं. पहिल्या लुकलुकीला शून्य म्हणायचं आणि तिथून दहा मोजायच्या. जितके सेकंद लागले त्याने ११,२५० ला भागलं की उत्तर वॅटमध्ये मिळतं. साडेसदतीस सेकंद लागले तर ३०० वॅट. मीटरवर ३२०० ऐवजी दुसरा आकडा असेल, तर ३,६०,००,००० ला आधी त्या आकड्याने आणि मग सेकंदांनी भागायचं.

फ्रिज, पंखे, राउटर आणि टीव्हीचा झोपेतला दिवा, असं सगळं मिळून जे भरतं तो तुमच्या घराचा पाया. फ्रिज मध्येच चालू-बंद होतो, म्हणून हे मोजमाप दोन-तीनदा घ्यावं. दिवसभर सोलरमधून पहिला वाटा या पायालाच जातो. उरलेल्या विजेतून काय चालवायचं आणि कधी, एवढंच आपल्या हातात असतं.

[दृश्य: छतावरची पॅनेल. सावल्या आखडत जातात, पुन्हा लांबतात.]

छतावर तीन किलोवॅटची पॅनेल आहेत असं धरू. तीन हा आकडा प्रयोगशाळेतला आहे, २५ अंशांवरच्या पॅनेलचा. भर उन्हात पॅनेल ६०-६५ अंशांपर्यंत तापतं, आणि २५ च्या वरच्या प्रत्येक अंशाला त्याची ताकद साधारण एक तृतीयांश टक्क्याने घटते. त्यात धूळ आली, पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणाऱ्या इन्व्हर्टरमधली थोडी घट आली. स्वच्छ आकाशाच्या दुपारी बारालासुद्धा हातात पडतात २.४ किलोवॅटच्या आसपास. सकाळी नऊला १.२, दहाला १.७, दुपारी दोनला २, चारला १. पॅनेलची दिशा, ऋतू आणि गाव यांप्रमाणे हे आकडे बदलतात, पण आकार असाच राहतो: हळू चढणारी, मधे पसरट आणि हळू उतरणारी टेकडी.

आता एक नेहमीची चूक पाहा. सोलर बसवणाऱ्याने सांगितलेलं असतं, "दुपारी वापरा." म्हणून बाराच्या ठोक्याला दोन किलोवॅटचा गिझर लागतो, वॉशिंग मशीन गरम पाण्यावर लागतं आणि इस्त्रीही तापत ठेवली जाते. गिझर दोन, मशीनचा हीटर दोन, इस्त्री एक आणि पाया ०.३. मागणी ५.३ किलोवॅट, छतावरून २.४. उरलेले २.९ बाहेरून. अर्ध्या तासात सगळं तापून बंद होतं, आणि पुढचे तीन तास छतावरची जवळजवळ सगळी वीज तारेतून बाहेर जाते. काम दुपारीच झालं, तरी निम्म्याहून जास्त वीज विकतची.

कारण मीटर दिवसाची सरासरी काढत नाही. तो या क्षणाला पाहतो. घेतलेल्या युनिटांचा एक रकाना, दिलेल्या युनिटांचा दुसरा. बाराला घेतलेलं एकला परत दिलं, तरी दोन्ही रकान्यांत नोंद झालेलीच असते.

त्यामुळे वेळापत्रक आखण्याआधी बिल वाचायला हवं. घेतलेली आणि दिलेली युनिटं एकास एक वजा होत असतील, तर यंत्रं कधी लावता याने बिलात काही फरक पडत नाही. अशा घरात या कामासाठी जिवाचा आटापिटा करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. फरक पडतो तो तीन प्रकारांत. दिलेल्या युनिटाचा दर घेतलेल्यापेक्षा कमी असेल तेव्हा. दिवसाच्या वेळेप्रमाणे दर बदलत असतील तेव्हा. आणि वीज बाहेर सोडायची परवानगीच नसेल तेव्हा.

[दृश्य: इन्व्हर्टरचा पडदा. ३१० वॅट. मागे कुणीतरी गिझरचं बटण दाबतं. आकडा चढतो: ९००, १६००, २२८०.]

हा तिसरा प्रकार फसवा असतो. वीज बाहेर जाऊ शकत नाही, बॅटरी असलीच तर भरलेली आहे, म्हणून इन्व्हर्टर पॅनेलकडून घेणंच कमी करतो. रखरखीत ऊन असताना पडद्यावर ३१० वॅट दिसतात आणि माणूस म्हणतो, पॅनेल बिघडलं. बिघडलेलं काहीच नसतं. मोठं यंत्र लावलं की काही सेकंदांत आकडा वर जातो. वाया जाणारी ही वीज कुठल्याच मीटरवर दिसत नाही, म्हणून ही चाचणी दुपारी एकदा करून पाहावीच. बॅटरी रोज अकरा वाजता भरत असेल, तर जड कामं अकरानंतर. त्याआधी लावली तर बॅटरीच्या तोंडचा घास काढून घेतल्यासारखं होतं.

मग यंत्रं लावायची कशी? एकामागून एक. टेकडीच्या उंचीपेक्षा यंत्र उंच नको, हा एकच नियम.

सकाळी दहाला १.७ किलोवॅट आहेत, पाया वजा जाता १.४ उरतात. एक अश्वशक्तीची पाण्याची मोटर साधारण १ ते १.१ किलोवॅट ओढते. ती या वेळी बसते. सुरू होताना मोटर क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते. बाहेरची वीज जोडलेली असेल तर तो झटका तिकडून भागतो, पण फक्त इन्व्हर्टर-बॅटरीवर चाललेल्या घरात याच झटक्याला इन्व्हर्टर बंद पडू शकतो. टायमरवर मोटर लावायची असेल, तर वरच्या टाकीत तरंगता स्विच आणि खाली कोरडं चालण्यापासून संरक्षण, दोन्ही हवीतच.

अकराच्या सुमाराला वॉशिंग मशीन. मशीन दीड तास चालत असलं तरी त्याची खरी भूक पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत असते, पाणी तापताना. नंतर ड्रम फिरवायला शंभर-दोनशे वॅट, पिळताना थोडे जास्त. म्हणजे सांभाळायची ती सुरुवात. भांडी धुण्याचं मशीन मात्र दोनदा पाणी तापवतं: एकदा धुताना, एकदा शेवटच्या खळबळण्याला. अडीचला लावलेल्या मशीनची दुसरी तापवणी चारच्या उतरत्या उन्हात जाते. ते अकरा-साडेअकराच्या आत लावलेलं बरं. मग कपड्यांचं मशीन त्याच्या मागे किंवा दुसऱ्या दिवशी.

[दृश्य: वॉशिंग मशीनची कळ. आकडा तीनवर फिरतो.]

दोन्ही मशीनवर बहुधा उशिरा सुरू करण्याची सोय असते, आणि इथे एक गोम आहे. काही मशीनमध्ये "३" म्हणजे तीन तासांनी सुरू, काहींमध्ये तीन तासांनी संपलेलं. पुस्तिकेत पाहा, किंवा एकदा लावून घड्याळ बघा. मशीनला भिंतीच्या सॉकेटमध्ये टायमर लावून भागत नाही. इलेक्ट्रॉनिक पट्टी असलेली बरीच मशीनं वीज आल्यावर आपणहून सुरू होत नाहीत, बटणाची वाट पाहत बसतात.

गिझरकडे जरा सावकाश पाहू, कारण वेळ हलवायला याच्याइतकं सोयीचं यंत्र घरात दुसरं नाही. पंचवीस लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला एक युनिट लागतं. दोन किलोवॅटचा हीटर ते अर्ध्या तासात करतो, एक किलोवॅटचा तासाभरात. युनिट तेवढंच. पण दीड किलोवॅट शिल्लक असताना दोनचा हीटर अर्धा किलोवॅट बाहेरून घेतो आणि एकचा काहीच घेत नाही, उलट शेजारी आणखी एखादं लहान यंत्र मावतं. म्हणून छतावर दोन-तीन किलोवॅट असतील, तर हीटर बदलायच्या वेळी मुद्दाम कमी वॅटचा घ्यावा. तो टाकीच्या फ्लँजला (हीटर ज्या तबकडीवर बसतो तिला) आणि थर्मोस्टॅटला जुळणारा हवा, आणि काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं.

दुपारी तापवलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकतं का? ते टाकीच्या आवरणावर आहे. हिशेब सोपा: पंचवीस लिटर पाणी १५ अंशांनी निवलं तर जवळपास ०.४४ युनिट गेलं. दुपारी दोनला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला नळाच्या पहिल्या गरम पाण्यात तापमापी धरून फरक बघा. मोठी घट असेल, तर आंघोळच संध्याकाळी हलवणं किंवा टाकीच बदलणं यावर विचार करावा लागतो. थर्मोस्टॅट ५० च्या खाली ठेवून पाणी दिवसेंदिवस साठवू नका. कोमट साठ्यात लिजिओनेला जातीचे जिवाणू वाढतात, ६० अंशांना ते टिकत नाहीत.

इंडक्शन शेगडीत एक लपलेली गोष्ट आहे. इंडक्शन ४०० वॅटवर ठेवली तरी बऱ्याच शेगड्या सतत ४०० घेत नाहीत. काही सेकंद हजार-बाराशे, मग काही सेकंद शून्य, असं करत सरासरी ४०० आणतात. क्षण पाहणारा मीटर हजारालाही मोजतो आणि शून्यालाही. तेव्हा जागा राखायची ती वरच्या आकड्याइतकी.

एसीसाठी दुपारी दोन ते चार. संध्याकाळी खोली तापल्यावर सुरू करण्याऐवजी ऊन असतानाच ती दोन अंश जास्त गार करायची, दारं-पडदे बंद ठेवायचे आणि पाचनंतर तापमान वर घ्यायचं. इन्व्हर्टर एसी खोली गार झाल्यावर पाचशे-सहाशे वॅटवर उतरतो, आणि उतरत्या टेकडीला ते अगदी जुळतं. भिंती पातळ आणि छत थेट उन्हात असेल, तर मात्र हा गारवा तासभरही टिकत नाही. तिथे हा प्रयोग सोडून द्यावा.

विजेच्या स्कूटरचा चार्जर सातशे-आठशे वॅटचा असतो, तासन्‌तास न कुरकुरता चालतो. तो सगळ्यांच्या मधल्या फटी भरायला ठेवावा. मोटारगाडीचं तसं नाही. तिचा एकफेज चार्जर ६ अँपिअरच्या खाली जातच नाही, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे १,४०० वॅट. तेवढी शिल्लक नसेल तर गाडी बाहेरची वीज पिते.

[दृश्य: जळालेला टायमर. प्लॅस्टिक पिवळं पडलेलं, एक पिन काळी.]

हा टायमर १० अँपिअरचा होता आणि त्यावर रोज दोन किलोवॅटचा हीटर चालत होता. २३० व्होल्टला तो ८.७ अँपिअर होतो. कागदावर बसतं, पण सैल सॉकेट आणि रोजची तासभर तापवणी यांनी संपर्क जळतो. हीटरसाठी १६ अँपिअरचाच टायमर घ्या. मोटरसाठी लेबलवर वेगळा आणि कमी आकडा असतो. तो पाहा, नाहीतर टायमरने कॉन्टॅक्टर (मोठा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) चालवा आणि कॉन्टॅक्टरने मोटर. चकती फिरणारे टायमर वीज गेली की थांबतात. महिनाभरात चार तास वीज गेली, तर बाराचा गिझर चारला लागायला लागतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर चार पैसे जास्त देऊन घ्यावा.

शिल्लक वीज पाहून आपोआप यंत्र लावणारी साधनंही मिळतात. त्यांचे डोळे म्हणजे सीटी, तारेभोवती बसणारा चिमटा. तो मुख्य पुरवठ्याच्या फेजच्या तारेवरच हवा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच चिमट्यात गेले तर आकडा शून्य येतो. बाण उलटा बसला तर घेतलेली वीज दिलेली दिसते, आणि ढग आले की यंत्र थाटात गिझर लावतं. तपासणी रात्री करायची: सोलर नसताना पडद्यावर "वीज देतो आहे" असं दिसलं, तर बाण उलटा आहे.

ढगासाठी विलंब ठेवावाच लागतो. एक किलोवॅटचा गिझर लावायचा तर शिल्लक १.२ च्या वर सलग पाच मिनिटं, बंद करायचा तर बाहेरून अर्ध्या किलोवॅटहून जास्त सलग तीन मिनिटं, इथून सुरुवात करावी. हा खेळ हीटरशीच खेळावा. एसीचा कॉम्प्रेसर बंद झाला की निदान तीन मिनिटं थांबायला हवा, आणि धुण्याचं मशीन मधेच बंद करणं म्हणजे साबणाच्या पाण्यात भिजत पडलेले कपडे.

तीनफेज घरात आणखी एक प्रश्न. इन्व्हर्टर एका फेजवर आणि गिझर दुसऱ्यावर असेल, तर काही मीटर तिन्ही फेजची बेरीज करतात, काही प्रत्येक फेज वेगळा मोजतात. दुसऱ्या प्रकारात दुपारी एका फेजवरून वीज बाहेर जात असते आणि दुसऱ्यावरून विकतची आत येत असते. वेळापत्रक कितीही चोख असो, आधी गिझर आणि मशीन सोलरच्या फेजवर घ्यावं लागतं.

[दृश्य: दुपार. इन्व्हर्टरवर लाल दिवा. पडद्यावर २५४ व्होल्ट.]

भर दुपारी इन्व्हर्टर पाच-पाच मिनिटं बंद पडतो, अशी तक्रार असते. आजूबाजूच्या सगळ्या छतांवरून वीज बाहेर येत असली की लाइनचा व्होल्टेज चढतो, आणि २३० च्या दहा टक्के वर, म्हणजे २५३ ला, बरेच इन्व्हर्टर स्वतःला लाइनपासून तोडून घेतात. इन्व्हर्टर ते मीटर ही तार लांब आणि बारीक असेल तर आणखी लवकर. जाड तार हा पक्का इलाज. पण त्याच वेळी घरात दीड-दोन किलोवॅट चालू ठेवले, तरी बाहेर जाणारा करंट घटतो आणि व्होल्टेज दोन-चार व्होल्टांनी खाली येतो. अशा घरात बारा ते दोनची वेळ रिकामी ठेवू नका.

आणि वेळापत्रक वर्षभराचं नसतं. सूर्य खाली कललेल्या महिन्यांत सकाळची सावली पॅनेलवरून उशिरा हटते. दहाची मोटर तेव्हा पावणेअकराला न्यावी लागते, गिझर साडेबाराला. पश्चिमेकडे तोंड असलेल्या पॅनेलना सगळंच तास-दीड तास पुढे. टायमरची कळ फिरवायच्या आधी एका निरभ्र दिवशी, नऊ ते पाच, दर तासाला इन्व्हर्टरवरचा आकडा कागदावर लिहून काढा आणि तो कागद स्विचबोर्डशेजारी चिकटवा.