लांडग्याच्या पाऊलखुणा

नमस्कार, श्रोतेहो. आजचा विषय आहे अनुमान. जे दिसतं त्यावरून जे दिसत नाही ते ओळखायचं, याला आपल्या दर्शनांत अनुमान म्हणतात. भारतीय तर्कशास्त्राचा सगळा डोलारा यावर उभा आहे, आणि प्रत्यक्ष दिसेल तेवढंच मानणाऱ्या चार्वाकांनी घाव घातला तोही नेमका इथेच.

"पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे," हे उदाहरण शतकानुशतकं चालत आलं आहे. वडोदऱ्यात आपण ते बाजूला ठेवू या. आपल्याकडे विश्वामित्री नदी आहे. पुराचं पाणी ओसरल्यावर सोसायटीच्या आवारात, चिखलावर पंज्यांचे ठसे आणि मधून शेपूट ओढत नेल्याची रेघ दिसली, की कोणीतरी गॅलरीतून ओरडतं, "अहो, रात्री मगर आली होती!" न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या तर्कशास्त्राच्या दर्शनात, या एका वाक्याचे पाच अवयव सांगतात. पहिला प्रतिज्ञा: इथून मगर गेली आहे. दुसरा हेतू: कारण इथे तिचे ठसे आहेत. तिसरा उदाहरण: जिथे मगरीचे ठसे असतात तिथून मगर गेलेली असते, जसं नदीकाठी. चौथा उपनय: इथेही तसेच ठसे आहेत. पाचवा निगमन: म्हणून इथून मगर गेली आहे. पुन्हा एकदा ऐका: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. दिङ्नागाच्या परंपरेतल्या बौद्धांनी शेवटचे दोन गाळले आणि तिघांवर काम भागवलं. उदाहरणात जो नियम येतो त्याचं नाव व्याप्ती. हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट ऐकताना सगळे तिच्यावरच संशय घेतात.

आता ती गोष्ट. आठव्या शतकातल्या हरिभद्रसूरींच्या 'षड्दर्शनसमुच्चय' या ग्रंथात चार्वाकांचं मत सांगताना एक ओळ येते: "भद्रे, वृकपदं पश्य." बाई गं, लांडग्याचं पाऊल बघ. एवढंच. कोण बाई, कुठला लांडगा, ते टीकाकारांनी सांगितलं आहे.

एक गृहस्थ होता, पक्का चार्वाक. डोळ्यांना दिसेल तेवढंच जग, असं मानणारा. बायको मात्र श्रद्धाळू. व्रतं, दानधर्म, परलोकाची चिंता, सगळं मनापासून करणारी. तो तिच्याशी वाद घाली आणि ती ठाम राही. तिचं म्हणणं सरळ होतं: अहो, एवढे विद्वान लोक परलोक आहे असं अनुमानाने सांगतात, ते सगळे चुकतात आणि तुम्ही एकटे बरोबर? यावर त्याच्यापाशी उत्तर नव्हतं. मग त्याने वाद थांबवला आणि प्रयोग करायचा ठरवला.

रात्र सरायच्या आत तो तिला घेऊन नगराबाहेर गेला. रस्त्यावर मऊ धूळ होती. त्याने वाकून आपल्या बोटांनी धुळीत ठसे उमटवले, लांडग्याच्या पंजासारखे. एक, मग पुढे दुसरा, मग तिसरा. बायको शेजारी उभी राहून सगळं पाहत होती. मग दोघं परतली.

उजाडलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ठसे पाहिले आणि गर्दी जमली. नगरातले बहुश्रुत म्हणवणारे आले, त्यांनी ठसे निरखले आणि निर्णय दिला: लांडगा आल्याशिवाय लांडग्याची पावलं उमटणार नाहीत, तेव्हा रात्री रानातून लांडगा नक्की आला होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि गर्दीच्या कडेला उभा असलेला नवरा बायकोला हळूच म्हणाला, "भद्रे, वृकपदं पश्य." बघ गं, हे लांडग्याचं पाऊल. ज्यांच्या भरवशावर तू परलोक मानतेस, त्यांचं अनुमान हे असं आहे.

ही गोष्ट साधारणपणे इथे थांबवतात आणि म्हणतात, चार्वाकाने अनुमान मोडून दाखवलं. मला हे मुळीच पटत नाही. अनुमान तपासायचं कसं, हे शिकवणारी इतकी चांगली गोष्ट दुसरी नाही. विचारायचं ते एवढंच: मोडलं ते नेमकं कुठे?

व्याप्ती मोडली का? नाही. जिथे लांडग्याचं खरं पाऊल, तिथे लांडगा आलेला असतोच. हा नियम त्या सकाळीही शाबूत होता. मोडला तो हेतू. धुळीत लांडग्याचं पाऊल नव्हतंच, बोटांची खूण होती. न्यायशास्त्र अशा हेतूला असिद्ध म्हणतं. पाच हेत्वाभासांपैकी, म्हणजे फसव्या हेतूंपैकी, हा एक, आणि रोजच्या व्यवहारात सर्वांत जास्त भेटणारा. तळ्यावरची वाफ धूर समजून "तिथे आग आहे" म्हणणं, हाच दोष. नियम खरा, खूणच खोटी.

मग त्या पंडितांनी काय पाहायला हवं होतं? ठसे कुठून सुरू होतात आणि कुठे संपतात. दोन ठशांमधलं अंतर जनावराच्या चालीशी जुळतं का. आणि सर्वांत सोपं म्हणजे शेजारी माणसांची पावलं आहेत का. दोघं त्याच धुळीतून चालत गेली होती ना! आपल्या चिखलातही हेच करायचं. शेपटीची रेघ घोरपडीचीही उमटते, म्हणून नुसत्या रेघेवर जाऊ नका. ठसे स्पष्ट असतील तर बोटं मोजा. मगरीच्या पुढच्या पायाला पाच आणि मागच्या पायाला चार बोटं असतात. घोरपडीला चारही पायांना पाच-पाच. पुन्हा सांगायचं तर, आधी हेतू तपासा, नियम नंतर.

हे शाळेत आठवीपासून शिकवायला हवं, आठवड्याला एक तास तरी. मुलं प्रमेयं पाठ करतात, पण मोबाइलवर आलेल्या फोटोतली खूण खरी की बोटाने काढलेली, हे विचारायची सवय त्यांना कोणी लावत नाही.

गोष्टीत आणखी एक चूक आहे, ती नवऱ्याची. "हे अनुमान खोटं ठरलं, म्हणून सगळीच अनुमानं खोटी," हे त्याचं म्हणणं स्वतःच एक अनुमान आहे. सगळे चार्वाक असे नव्हते. पुरंदर नावाचा चार्वाक म्हणतो, लोकव्यवहारातलं अनुमान आम्हालाही मान्य आहे. लौकिक मार्ग ओलांडून जे अनुमान करतात ते आम्ही नाकारतो. लांडगा आला होता की नाही, ते चार रात्री पहारा ठेवून कळेल. परलोकासाठी पहारा कुठे ठेवणार? पुरंदराचं हे वाक्य 'तत्त्वसंग्रह' या बौद्ध ग्रंथावरच्या कमलशीलाच्या टीकेत टिकून राहिलं, आणि तो ग्रंथ टीकेसह १९२६ मध्ये गायकवाड ओरिएंटल सिरीज या आपल्या वडोदऱ्याच्या ग्रंथमालेत छापला गेला. कोणतंच प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, टिकत नाही म्हणणाऱ्या जयराशी भट्टाचा ग्रंथही पाटणच्या ताडपत्रावरून १९४० मध्ये इथेच प्रसिद्ध झाला. सयाजीरावांच्या काळात सुरू झालेल्या या मालेत नास्तिकाची पोथीही तितक्याच काळजीने छापली गेली. ही माला काढणाऱ्या प्राच्यविद्या मंदिरावरून रोज जाणाऱ्यांनी एकदा आत जाऊन हे खंड पाहावेत.

संशय कुठे थांबवायचा, याचं उत्तर न्यायदर्शनातल्या उदयनाचार्यांनी दिलं: जिथे संशय स्वतःच्या वागण्याशी भांडू लागतो, तिथे. जेवणाने भूक भागते की नाही याचा संशय घेणारा माणूस दुपारी पानावर बसतोच.

राहिला नीतीचा प्रश्न. बायकोला एक गोष्ट समजावी म्हणून अख्ख्या नगराला फसवणं योग्य होतं का? जर्मन तत्त्वज्ञ कांट १७९७ मध्ये लिहितो की दारात आलेल्या खुन्याशीसुद्धा खोटं बोलू नये. महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण उलट उदाहरण देतो: कौशिक नावाच्या ब्राह्मणाने दरोडेखोरांना खरं सांगितलं, माणसं मारली गेली, आणि कौशिक नरकात गेला. मी श्रीकृष्णाच्या बाजूने आहे. पण त्या नवऱ्याला ती सवलत नाही, कारण तो कोणाचा जीव वाचवत नव्हता. लांडगा आला म्हटल्यावर गुराखी रानात गुरं नेणार नाहीत, आया मुलांना अंगणात सोडणार नाहीत. त्याने त्याच दिवशी सगळ्यांसमोर येऊन ठसे कसे काढले ते करून दाखवायला हवं होतं, आणि आधी त्या पंडितांना.