आकृती सरकते तेव्हा नेमके काय होते

शिक्षकमित्रहो आणि विद्यार्थिमित्रहो,

चौफुलीवर लावलेला कापूस आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. उभ्या-आडव्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथेच सरकी टोबलेली असते, त्यामुळे बांधाच्या कोपऱ्यावर उभे राहून 'चौथ्या ओळीतले सातवे झाड' एवढे सांगितले तरी सालगडी नेमका त्याच झाडापाशी जाऊन थांबतो. निर्देशक भूमिती याहून फार वेगळी नाही. एक कोपरा ठरवायचा, त्याला आरंभबिंदू म्हणायचे, आणि तिथून दोन दिशांना मोजून दोन आकडे सांगायचे: आडवा तो क्ष निर्देशक, उभा तो य निर्देशक. फ्रेंच गणितज्ञ रने देकार्तने १६३७ साली आकृती आणि बीजगणित यांची सांगड घातली, तेव्हापासून आकृतीला जे काही होते ते आकड्यांत लिहिता येऊ लागले.

आकृतीतील प्रत्येक बिंदू एकाच दिशेने आणि एकसारख्याच अंतराने हलवणे, याला स्थानांतरण म्हणतात. या व्याख्येतला 'प्रत्येक' हा शब्द आपण वर्गात घाईने वाचून पुढे जातो आणि पुढच्या बहुतेक चुका तिथेच जन्माला येतात.

आलेख कागदावर अ (१, १), ब (४, १) आणि क (१, ३) हे बिंदू घेऊन त्रिकोण काढा आणि तो पाच एकक उजवीकडे व दोन एकक खाली न्या. मी तपासलेल्या वह्यांत एकच चूक वारंवार दिसते: मुले जुन्या त्रिकोणाच्या उजव्या टोकापासून, म्हणजे ब पासून, पाच घरे मोजतात आणि तिथून नवा त्रिकोण सुरू करतात. मग नवा अ बिंदू ९ वर येतो. म्हणजे त्रिकोण पाच नव्हे तर आठ एकक सरकला, कारण अब या पायाची तीन एकक लांबी त्यात नकळत मिसळली. दोन आकृत्यांमधली मोकळी जागा मोजायचीच नसते. अ पासून नव्या अ पर्यंत, ब पासून नव्या ब पर्यंत मोजायचे असते. बरोबर उत्तर (६, −१), (९, −१) आणि (६, १) असे येते.

आता आकार का बदलत नाही ते पाहू. कोणत्याही दोन बिंदूंमधले अंतर त्यांच्या निर्देशकांच्या फरकांवरून ठरते, आणि दोन्ही क्ष निर्देशकांत पाच मिळवले असतील तर वजाबाकी करताना ते पाच उडून जातात. य निर्देशकांतून कमी केलेल्या दोनाचेही तेच होते. म्हणून बाजू, कोन आणि क्षेत्रफळ जसेच्या तसे राहते.

समीकरणाशी गाठ पडली की मात्र चांगले विद्यार्थीही अडखळतात. य = क्ष² हा आलेख तीन एकक उजवीकडे नेला की समीकरण य = (क्ष − ३)² होते, आणि उजवीकडे जाताना वजा चिन्ह कसे आले, असा प्रश्न हमखास येतो. तो प्रश्न रास्त आहे. 'चिन्ह उलटे होते' असे पाठ करून घेणे हे त्याचे उत्तर नव्हे. जुने समीकरण जुन्या बिंदूंनाच लागू असते. आपल्या हाती नवा बिंदू आहे, म्हणून आधी त्याला तीन एकक मागे, मूळ जागी नेऊन मगच वर्ग करावा लागतो.

शेवटी आपल्याच भागातले एक उदाहरण घेतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर कित्येक गावे नव्या जागी वसवली गेली. 'गाव तिकडे सरकले' असे आपण बोलण्यात म्हणतो, पण भूमितीच्या दृष्टीने ते स्थानांतरण नव्हते. जुन्या गावांत अरुंद बोळ आणि भिंतीला भिंत लागलेले वाडे होते, तर नव्या वसाहतींत सरळ रुंद रस्ते आखले गेले आणि घरे कितीतरी मोठ्या क्षेत्रावर पसरली. प्रत्येक जुन्या घरापासून त्याच कुटुंबाच्या नव्या घरापर्यंत बाण काढला, तर ते बाण ना सारख्या लांबीचे निघतील ना एकमेकांना समांतर. ज्या शेजारणी परसातल्या भिंतीवरून विरजण मागत असत, त्यांच्यातले अंतर त्या वजाबाकीत तेवढेच उरले नाही.