अळंबी घ्यायला आलेला म्हातारा

श्रोतेहो, नमस्कार.

जपानी जेवण म्हटलं की डोळ्यांसमोर सुशी येते, कच्चा मासा येतो. आज मात्र आपण जाणार आहोत मठाच्या मुदपाकखान्यात. तिथे मासा नाही, मांस नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. या स्वयंपाकाला म्हणतात ‘शोजिन ऱ्योरी’. बौद्ध ग्रंथांतल्या ‘वीर्य’ या संस्कृत शब्दाचं रूपांतर म्हणजे शोजिन. अर्थ, नेटाने केलेली साधना.

साल १२२३. दोगेन नावाचा तरुण जपानी भिक्षू चीनच्या बंदरात जहाजावर मुक्कामाला होता. तिथे एकसष्ट वर्षांचा एक भिक्षू जपानी अळंबी विकत घ्यायला आला, तोही कोसन्‌कोस चालत. अशोकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डोंगरावरच्या मठातला तो आचारी. हो, तोच सम्राट अशोक, ज्याचा शिलालेख आपल्या नालासोपाऱ्याला सापडला!

दोगेनने त्याला चहा दिला, रात्री राहण्याचा आग्रह केला. म्हातारा म्हणाला, उद्या सणाचं जेवण आहे, मला गेलंच पाहिजे. दोगेनला नवल वाटलं. या वयात ध्यान सोडून चुलीपुढे कशाला राबायचं? त्यावर म्हातारा मोठ्याने हसला. साधना म्हणजे काय, हे तुम्हाला अजून उमगलेलं नाही, म्हणाला.

ते हसणं दोगेन विसरला नाही. मायदेशी परतल्यावर १२३७ मध्ये त्याने मठाच्या आचाऱ्यासाठी ‘तेन्झो क्योकुन’ लिहिलं. तांदळाचा एक दाणा वाया जाऊ नये, मठाचं धान्य स्वतःच्या डोळ्यांसारखं जपावं, जाडीभरडी भाजीही मन लावूनच रांधावी. मला यातलं भाजीचं सांगणं फार मोलाचं वाटतं. चांगला माल हाती असला की कुणीही निगुतीने रांधतो.

मासा नाही, मग चव कुठून येते? कोंबू नावाच्या समुद्री शेवाळातून आणि वाळवलेल्या अळंबीतून. दोन्हींच्या निवळ पाण्याला ‘दाशी’ म्हणतात. याच कोंबूतून इकेदा किकुनाए या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये ‘उमामी’ या, गोड-आंबट-खारट-कडू यांहून वेगळ्या, रुचकर चवीचं मूळ शोधलं. आणखी एक पदार्थ, गोमा-दोफू. नावात तोफू असलं तरी त्यात सोयाबीन नसतं. तीळ गुळगुळीत वाटायचे, त्यात कुडझू नावाच्या वेलीच्या मुळांचं सत्त्व घालायचं आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. हात थांबला की गुठळ्या झाल्याच.

पुढे सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू या चहा-समारंभाच्या गुरूने त्या समारंभातलं चहापूर्वीचं साधं जेवण रुजवलं. भात, एक सार, मोजके पदार्थ. त्यात मासा चालतो, पण तो नेमस्तपणा मठातलाच.

दोगेनने एक रीतही लिहून ठेवली आहे. जेवण तयार झालं की आचाऱ्याने धूप लावायचा, भिक्षू बसले असतील त्या दिशेला तोंड करून नऊ वेळा नमस्कार करायचा, आणि मगच अन्न बाहेर धाडायचं.